पाकिटावरचं नाव

माझ्या लाडक्या इस्त्रीबाईला,

बसल्या जागेवरून नमस्कार. वाकून केला असता, पण गुडघ्यांनी सांगून ठेवलंय, खाली आम्ही नेऊ, वर यायचं तुमचं तुम्ही बघा. तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं ऐकलं. म्हणजे आता भाच्याच्या घरातली जळमटं तुला लख्ख दिसत असतील. दिसू देत, बोलू नकोस. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर एक डोळा अधू असलेलाच बरा. मी ठणठणीत आहे. दात चारच उरलेत, पण समोरासमोर आहेत, त्यामुळे अडत नाही.

हे पत्र बोलतेय मी आणि लिहितेय माझी सून. अक्षर बघूनच तुला कळलं असेल. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, म्हणून एवढालं मोठं काढते. समोरच्याला दिसत नाही असं धरूनच तिचा दिवस सुरू होतो. बाकी गुणी आहे, फक्त मी सांगते ते सुधारून लिहिते. मी ‘मुडदा’ म्हटलं की ती ‘गृहस्थ’ लिहिते. म्हणून दर चार ओळींनी मी परत वाचून घेते. (हे लिहिलंस का? वाच बघू. हं, बरोबर.)

तर मोठी बातमी ही की मला नातू झाला. दोन महिने होत आले आणि आज कळवतेय म्हणून तू तोंड फुगवशील. फुगव. पण पोराला नावच नव्हतं गं, आणि नाव नसताना कळवायचं तरी काय, की आमच्याकडे कोणीतरी आलंय म्हणून? वजनाला बेताचा आहे, आवाजाला भरपूर. नाक आमच्या घरचं, कपाळ व्याह्यांचं, आणि राग कोणाचा ते मी सांगत नाही, कारण ती लिहितेय. दवाखान्यातून आणला तेव्हा पायाला नंबराची पट्टी बांधलेली होती, तेव्हापासून त्याचा बाप त्याला ‘पार्सल’ म्हणायचा. पाळणा शेजारणीकडून आणलाय. त्याचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे पार्सल हललं की पाळणा टकटक करतो. जगाच्या लिफ्ट सरळ करणाऱ्या माझ्या मुलाला घरचा पाळणा सरळ करायला मात्र दोन महिने वेळ नाही.

हो, तो लिफ्ट दुरुस्त करतो आता. तुझ्या टोपलीतला तो. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना सुखरूप खाली आणतो, पण स्वतः एखाद्या गोष्टीवर अडकला की त्याला ना वर नेता येत ना खाली. त्याने मनाशी घेतलं की मुलाला त्याच्या जुन्या साहेबांचं आडनाव हे नाव म्हणून ठेवायचं. त्या साहेबांनीच त्याला हातात पाना धरायला शिकवलं. माणूस सोन्यासारखा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आडनाव कसं ठेवायचं गं नाव म्हणून? म्हणे हल्ली ठेवतात, भारदस्त वाटतं. त्याने सराव म्हणून पाळण्यावर वाकून दोनदा हाक मारली, तर मी स्टुलावरचे पाय झटकन खाली घेतले. मला वाटलं कोणी तपासणीला आलं. शिवाय त्याच्यापुढे आमचं आडनाव लागणार. म्हणजे दोन आडनावं एकमेकांना कोपरं मारत उभी, आणि मधे माणूसच नाही.

सूनबाईचं निराळंच. तिला हवं होतं मुलालाही चालेल आणि मुलीलाही चालेल असं नाव. कारण काय, तर दुकानात ती रोज बघते, बायकांच्या फ्रेमा एका भिंतीला, पुरुषांच्या दुसऱ्या भिंतीला, आणि नाकं मात्र सगळी सारखीच. नावाला तरी दोन भिंती नकोत, म्हणाली. (मला हे तेव्हाच पटलं होतं. बोलले नाही. सुनेचं पटलं असं सासूने पहिल्या महिन्यातच कबूल केलं तर पुढे आयुष्यभर भांडायला उरतं काय?)

तिसरे आमचे व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील. पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस. अजूनही जेवायला बसले की आधी माणसं मोजतात. त्यांचं म्हणणं, नाव कानावर पडताच मुलगा की मुलगी ते कळलंच पाहिजे. असल्याच दोन्हीकडे चालणाऱ्या नावाचा एक मुलगा त्यांनी म्हणे अख्खं वर्ष मुलींच्या कवायतीत उभा केला होता, आणि पोरगं लाजून काही बोललं नाही. मी म्हटलं, लाजून नाही हो, त्या रांगेला सावली असेल. ते हसले नाहीत. पण मला मात्र तेव्हा तुझी आठवण झाली. ती गोष्ट आज इथे सांगते. तुला माहीत आहे, पण सूनबाईला माहीत नाही. तू ऐक आणि माझं चुकलं तर तिथून ओरड.

मी शर्टाच्या कारखान्यात लागले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आजही येत नाही. लिहिता-वाचता येतं का असं सुपरवायझरने विचारलं तेव्हा मी मान अशी काही हलवली की ती हो होती की नाही ते त्या मुडद्याला शेवटपर्यंत कळलं नाही. माझं काम कॉलरी बसवायचं. प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर माप: मोठं, मधलं, लहान. पहिल्याच दिवशी मी चिठ्ठी उलटी धरून विचारात पडल्यासारखं तोंड केलं. शेजारच्या मशीनवर तू होतीस. तू हसली नाहीस, काही विचारलं नाहीस. एकदा खोकलीस आणि मोठ्या कॉलरींच्या ढिगाकडे बघितलंस. झालं, तिथेच आपलं ठरलं. मोठ्याला एक खोकला, मधल्याला दोन, लहानाला तीन. सहा वर्षं मी तुझ्या घशावर नोकरी केली.

आणि मग एका थंडीत तुला खरोखरचं पडसं झालं.

(थांब, सूनबाई हसतेय, कागद हलतोय.)

तू बिचारी जीव तोडून खोकत होतीस आणि मी जीव तोडून कॉलरी बदलत होते. दुपारपर्यंत लहान मापाच्या शंभरावर शर्टांना मोठ्या कॉलरी बसल्या. घातले असते तर पोरं विहिरीतून डोकावल्यासारखी दिसली असती. सुपरवायझर एकेक शर्ट झेंड्यासारखा फडकवत आला. तेव्हा माझं पोर चार महिन्यांचं, घरात कमावणारी मी एकटी. आणि तू नाक पुसत उभी राहिलीस आणि म्हणालीस, चिठ्ठ्या मी वाचून दिल्या, हिचा काय दोष? घशातून आवाज निघत नव्हता तुझ्या, पण एवढं वाक्य स्वच्छ निघालं.

शिक्षा म्हणून तुला इस्त्रीकडे टाकलं. तिथे सगळे पुरुष. उष्मा असा की माशीसुद्धा बसायच्या आधी विचार करायची. त्यांच्याकडे आधी यादी गेली होती आणि यादीतलं तुझं नाव वाचून त्यांना वाटलं, नवा गडी येतोय. त्यांनी पुरुषांच्या खोलीत कपडे अडकवायला एक खुंटी रिकामी करून ठेवली होती, आणि नव्याची गंमत करायला सगळ्यात जड इस्त्रीही काढून ठेवली होती. दारातून आलीस तू. तू खुंटी बघितलीस, तिच्यावर पिशवी अडकवलीस, आणि तीच जड इस्त्री उचलून कामाला लागलीस. पुढची अकरा वर्षं तिथून हलली नाहीस. शेवटी त्याच गड्यांवर हुकूम चालवायला लागलीस. तेव्हापासून तू इस्त्रीबाई.

पण मला जे सांगायचंय ते यापुढचं. माझं मशीन हॉलच्या या टोकाला, तुझं टेबल त्या टोकाला. मला वाटलं, आता संपलं, आता खोकला इतक्या लांब कसा ऐकू येणार? दुसऱ्या दिवशी माझ्या हातात गठ्ठा पडला, मी चिठ्ठी वर धरली, आणि तिकडून वाफेचा एक फुसकारा आला. मग थांबून दुसरा. मधलं माप! तिथून चिठ्ठी कशी दिसायची तुला, देव जाणे. आणि वाफेला पडसं होत नाही, त्यामुळे त्यानंतर माझी एक कॉलर चुकली नाही. माझं पोर तू तुझ्या टेबलाखाली चिंध्यांच्या टोपलीत ठेवायचीस. पोरं आणायची बंदी होती, पण त्या उष्म्यात सुपरवायझर वाकून बघायला येतोय कशाला! थंडीत सगळ्या गावाला हुडहुडी भरायची आणि माझं पोर तिथे पावासारखं फुगून झोपायचं. अजून त्याची खोड गेली नाही. कुकरची शिटी झाली की हा बसल्या जागी पेंगतो.

अडतीस वर्षं झाली याला. आभार मानायचे राहूनच गेले. रोज भेटायचीस तेव्हा वाटायचं उद्या म्हणू, आणि मग तू भाच्याकडे राहायला गेलीस.

(इथे सूनबाईने लेखणी थांबवून विचारलं, इस्त्रीमावशींचं खरं नाव काय हो? आमच्या घरात तुला त्याशिवाय दुसरं नावच नाही ना. मी म्हटलं, आधी चहा टाक, माझा घसा सुकला.)

चहा झाला. कुठे होते मी? हां. तर पोराच्या नावावरून दीड महिना तिघांचं चाललेलं. मला कोणी विचारलं नाही, आणि मी विचारल्याशिवाय सांगणाऱ्यातली नाही. (सूनबाईला ठसका लागलाय, पाणी पितेय.) शेवटी नोंदणीची मुदत संपत आली. मग ठरलं, तीन चिठ्ठ्या पोराच्या हाताशी ठेवायच्या, तो धरेल ते नाव. पार्सलने साहेबांचं आडनाव मुठीत पकडलं आणि तोंडात घातलं. व्याही म्हणाले, बघा, पसंत पडलं. मी म्हटलं, नावडलं म्हणूनच खाऊन टाकतोय. पण सूनबाई दिलेल्या शब्दाची पक्की. फक्त दोन दिवस ताटल्या जरा जोरात ठेवत होती.

शेवटच्या दिवशी मुलाला सकाळीच बोलावणं आलं, कुठे तरी लिफ्टमधे सहा माणसं आणि एक कपाट अडकलं होतं. पोराला लस टोचल्याचा ताप, म्हणून सूनबाई हलू शकेना. राहिले कोण? मी. अर्ज भरलेला, सह्या झालेल्या, फक्त नावाचा रकाना कोरा. कारण चावलेल्या चिठ्ठीवरून नाव नीट उतरवायला तिने नवी चिठ्ठी केली, अर्जात लिहिणार तेवढ्यात पोर रडलं. ती चिठ्ठी तिने माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, खिडकीवर द्या, ते उतरवून घेतील.

त्या कचेरीत एक लांब बाक, वर एक पंखा. तो फिरायचा कमी आणि विचार जास्त करायचा. हातात टोकन, समोर खिडकी, खिडकीत एक मुडदा. तासाभराने माझा नंबर आला. माझ्या पिशवीत काय काय असतं ते तुला माहीत आहे: औषधाच्या पुड्या, बटणं, जुन्या चिठ्ठ्या, रद्दी. घाईत हात घातला, चिठ्ठी आली ती दिली. त्याने मान वर न करता विचारलं, मुलगा की मुलगी? नावावरून कळत नाही. मी म्हटलं, मुलगा. आणि तुमच्या तोंडावरून तरी तुम्ही जागे आहात की झोपलेले, कुठे कळतंय? त्याने दोनदा शिक्का मारला, दुसरा बहुधा माझ्यावरच्या रागाने.

दाखला घरी आला आणि बॉम्ब पडावा तसं झालं. नाव भलतंच! साहेब नाहीत, कोणी नाही. मुलगा म्हणाला, हे कोण? व्याही म्हणाले, हे मुलाचं की मुलीचं? मी म्हटलं, मला काय विचारता, मला काय अक्षर कळतं? आपल्या अडाणीपणाचा इतका उपयोग मला उभ्या जन्मात झाला नव्हता. सूनबाईने दाखला हातात घेऊन दोनदा वाचला. मग म्हणाली, दोन्हीकडे चालतं तसं. त्या दिवशी ताटल्या आवाज न करता ठेवल्या.

पण पंधरा दिवसांत नाव दुरुस्त करून मिळतं. व्याह्यांनी लगोलग दुरुस्तीचा अर्ज आणला, मुलाने सही केली. पोराच्या आईची सही बाकी आहे. अर्ज फळीवर पडलाय, आज नववा दिवस. नाव काय ते मी इथे लिहू देत नाहीये. सूनबाई म्हणतेय, अहो, मग पत्र कशाला लिहितोय आपण? मी म्हटलं, अर्धवट शिवलेल्या शर्टाची कोणी घडी घालतं का? राहतंय की जातंय ते ठरू दे.

बाकी सगळं क्षेम. डोळ्यांत औषध वेळेवर घाल आणि भाच्याला आशीर्वाद सांग, तो मागत नसला तरी.

तुझी,
कॉलरवाली

ता. क. आता अक्षर बदललं ते तुला दिसलंच असेल. ही पोस्टाची खिडकी आहे आणि लिहितायत इथले कारकून, भला माणूस आहे. सूनबाईला सांगितलं, पत्ता मी तिथेच घालून घेते, तू पोराजवळ थांब. तिने पत्ता घातला असता तर वर तुझं नाव लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिताना तिचा हात थांबला असता.

होय, तेच नाव आहे. तुझंच.

चिठ्ठी चुकून गेली नाही. मला अक्षर येत नाही हे खरं, पण एक शब्द येतो. तू इस्त्रीकडे गेलीस तेव्हा तुझ्या फळीवरचेच गठ्ठे मी उचलावे म्हणून तू मला तुझ्या नावाची चिठ्ठी दिली होतीस. म्हणालीस, वाचू नकोस, नुसतं तोंड ओळख. ओळखलं. आधी खुर्चीसारखं काहीतरी, मग आकडा, शेवटी लोंबता दोरा. ती चिठ्ठी माझ्या पिशवीत अडतीस वर्षं आहे. त्या बाकावर तासभर मी दोन चिठ्ठ्या दोन हातांत धरून बसले होते. एकीवर साहेब, एकीवर तू. साहेबांनी त्याला पाना धरायला शिकवलं, मान्य. पण पाना धरायला आधी तो हात जगावा लागतो.

तू एकदा इस्त्री करता करता म्हणाली होतीस, मला मूल नाही, माझं नाव माझ्याबरोबरच जाणार. आणि लगेच म्हणालीस, जाऊ दे, नाव तरी कुठे धड बाईचं आहे! तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आत्ता सुचलं. मी सावकाशीने काम करणारी, तुला माहीतच आहे.

तर खरी विनंती ही, की तुझी परवानगी घ्यायची राहिली. नाव घेतलं आधी आणि विचारतेय नंतर. नको असेल तर मुदतीच्या आत कळव. हो असेल तर सवडीने कळवलंस तरी चालेल. आणि सूनबाईला यातलं काही कळू देऊ नकोस. (कारकून विचारतायत, हे कायद्यात बसतं का? मी म्हटलं, तुम्ही शिक्के मारा.)

दुसरा ता. क. मावशी, नमस्कार. मी सून. हे पत्र काल परत आलं. पाकिटावर तुमचं नाव ठळक, खाली ‘भाच्याच्या घरी, दवाखान्याच्या मागे, कोणीही सांगेल’ असा पत्ता, आणि त्यावर ‘पत्ता अपुरा’ असा शिक्का. आई आणि ते भले कारकून, दोघेही गाव घालायला विसरले. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा बाळ माझ्या खांद्यावर होतं. नाव वाचून मला क्षणभर वाटलं, बाळालाच टपाल आलं. मग उघडलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण बरंचसं मीच लिहिलेलं आहे. तसा संशय मला त्या चहापासूनच होता. आई माझ्या हातचा चहा कधी मागत नाहीत, त्यांना तो पाणचट लागतो.

उद्या पंधरावा दिवस. मी ह्यांना नुसतं पाकीट दाखवलं आणि विचारलं, इस्त्रीमावशींचं नाव माहीत होतं का? त्यांनी फळीवरचा तो अर्ज काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि पाळण्याच्या आखूड पायाखाली सरकवल्या. आता पाळणा वाजत नाही. माझ्या बाबांना मी सांगितलं, नावावरून नाही कळलं तर आवाजावरून कळेल. साहेबांना हे स्वतः भेटून सांगणार आहेत.

या वेळी पत्ता मी घातलाय, गावासकट. तुम्ही परवानगी द्याच, आणि ती द्यायला इथेच या. तुमच्यासाठी दाराजवळची खुंटी रिकामी केली आहे. एकच अडचण होईल, हाक मारली की दोघं बघाल.

आणि आईंना आम्हाला कळल्याचं सांगू नका. एवढ्या मेहनतीने केलेली चूक आहे, ती त्यांचीच राहू दे. आज सकाळी फळीवर अर्ज दिसला नाही तर त्यांचा चेहरा उतरला. विचारलं, दिलात की काय तो? मी म्हटलं, नाही हो, कुठे गेला कोण जाणे, सापडत नाहीये, शोधतेय. तर त्या पाळण्याला झोका देत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, फार शोधू नकोस.